२५ जुलै, पेढे आणि विलास घोगरे



मागच्या आठवड्यात नागसेनवनात पाच-सहा पोरं भेटली. चहा घेता घेता विषय ट्रम्पवर गेला. एकानं मोबाइलवर बातमी दाखवली. एमी शेराल्ड या कृष्णवर्णीय चित्रकर्तीनं वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत होणारं आपलं प्रदर्शन मागं घेतलं, कारण तिचं एक चित्र तिथल्या लोकांना अडचणीचं वाटायला लागलं होतं. हीच चित्रकर्ती आणि हीच गॅलरी. २०१८ साली तिनं काढलेलं मिशेल ओबामांचं चित्र याच गॅलरीत लागलं तेव्हा ते बघायला रांगा लागल्या होत्या. "खुर्ची बदलली की भिंत बदलते, सर," तो म्हणाला. त्यावर दुसरा लगेच म्हणाला, "आपल्याकडं तर खुर्चीवर दोन दलित बसून गेले, आता आदिवासी बाई आहेत. आपली कोणती भिंत बदलली?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी प्रतिनिधित्व, संविधान, प्रतीकांचं महत्त्व असं काहीबाही बोललो. सभेत चालून गेलं असतं. घरी येताना मात्र वाटलं की आपण त्या पोराला फसवलं. कारण हाच प्रश्न मी स्वतः अठ्ठावीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना विचारला होता, आणि त्यांनी मला दिलेलं उत्तर माझ्या भाषणापेक्षा बरं होतं.

१९९७ चा जुलै. मी इथंच औरंगाबादला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, नागसेनवनातल्या वसतिगृहात. शुक्रवार, ११ जुलै. सकाळी मुंबईत घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलानं गोळीबार केला आणि दहा माणसं मेली. पोलीस म्हणाले, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गोळ्या लागलेले लोक कुठं होते आणि टँकर कुठं होते, हे पुढं आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या सिनेमात सगळ्यांनी बघितलं. पण त्या दिवशी आम्हाला सिनेमाची गरज नव्हती. नामांतराच्या काळात वाढलेल्या मराठवाड्याच्या पोराला पोलिसांचा खुलासा कसा वाचायचा हे शिकवावं लागत नाही. भडकल गेटच्या पुतळ्यापाशी आम्ही दिवसभर बसून होतो.

आता पुढच्या तारखा नीट वाचा. सोमवार, १४ जुलै, राष्ट्रपतिपदासाठी मतदान. एका बाजूला के. आर. नारायणन, दुसऱ्या बाजूला टी. एन. शेषन. मंगळवार, १५ जुलै, मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या खोपटात गळफास घेतला. डोक्याला निळं फडकं बांधलं होतं आणि भिंतीवर आंबेडकरी एकजुटीचा जयजयकार लिहून ठेवला होता. गुरुवार, १७ जुलै, मतमोजणी. नारायणन सुमारे ९५ टक्के मतांनी निवडून आले. शुक्रवार, २५ जुलै, शपथविधी. गोळीबाराला त्या दिवशी बरोबर दोन आठवडे झाले होते.

शेषन यांना पाठिंबा देणारा नाव घेण्यासारखा एकच पक्ष होता, शिवसेना. नारायणन यांच्या बाजूला काँग्रेस, संयुक्त आघाडी आणि भाजप. महाराष्ट्रात तेव्हा राज्य होतं सेना-भाजप युतीचं. म्हणजे ज्या सरकारच्या बंदुका रमाबाई नगरात चालल्या, त्या सरकारातल्या एका पक्षानं तीन दिवसांनी दलित उमेदवाराच्या विरोधात मत टाकलं आणि दुसऱ्यानं बाजूनं. रमाबाई नगरातल्या माणसाला या दोन मतांतला फरक काय सांगणार? राष्ट्रपती भवनात जाणारा दलित त्यांना चालत होता, हायवेवर येणारा चालत नव्हता.

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. चिकलठाणा एमआयडीसीत कामाला जायचे, आणि रात्री गायन पार्टीत पेटी वाजवायचे. बुद्धजयंती, चौदा एप्रिल, कुणाचं पुण्यानुमोदन असलं की दादांचं बोलावणं ठरलेलं. वामनदादा कर्डकांना त्यांनी समोर बसून ऐकलं होतं, आणि आयुष्यभर तीच एक पदवी असल्यासारखं सांगायचे. विलास घोगरेंनाही त्यांनी एकदा मुंबईत ऐकलं होतं. "लाल झेंड्याचा होता, पण गळा आपला होता," असं म्हणायचे. बाबासाहेबांनी जलशाच्या एका गाण्याला आपल्या दहा भाषणांच्या तोलाचं मानलं होतं असं आपल्याकडे प्रत्येक गायन पार्टीवाला सांगतो. दादा ते सांगताना पेटीचा भाता एकदा दाबून सोडायचे.

१७ जुलैच्या संध्याकाळी मी घरी गेलो तर दादांनी पेढे आणलेले. पाव किलोचा पुडा. गल्लीत वाटून उरलेले चार-पाच माझ्यासाठी ठेवलेले.

"घे की. काहून खाईना?"

मी म्हणालो, "दादा, दहा माणसं मेली. विलास घोगरेंनी फाशी घेतली. अन् तुम्ही पेढे वाटता?"

आई चुलीपाशी गप्प. दादांनी पुडा बांधला, खुंटीला टांगला आणि म्हणाले, "मला दोनी कळतंय. तू एकच धरून बसला." मग जरा थांबून, "तो मानूस खोपटातून शाळंला चालत गेला आन् आज त्या खुर्चीवर चालला. त्येचा पेढा हाय ह्यो. रमाबाई नगरचं रडनं मी पेढ्यात घालत न्हाई. त्येला येगळी जागा हाय."

मी पेढा खाल्ला नाही. २५ जुलैच्या दुसऱ्या दिवशी दादांनी पेपरातला शपथविधीचा फोटो कापला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या चौकटीत खालच्या कोपऱ्यात खोचला. तेव्हा मला त्यांची लाज वाटली होती. आज हे लिहिताना माझी वाटते.

दादांच्या त्या कात्रणात काय होतं ते मला तेव्हा दिसलं नाही. शपथविधी संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये झाला. त्या हॉलमध्ये बाबासाहेबांचं तैलचित्र लागलं ते १९९० च्या एप्रिलमध्ये, व्ही. पी. सिंग पंतप्रधान असताना. चित्र झेबा अमरोहवी यांनी काढलेलं. संविधान सभा ज्या सभागृहात बसली, ज्या सभागृहात बाबासाहेबांनी मसुद्याचं उत्तर दिलं, त्या सभागृहाच्या भिंतीवर त्यांचा चेहरा यायला चाळीस वर्षं लागली. आणि चित्र लागल्यावर सात वर्षांनी त्या चित्रासमोर एका दलितानं राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. ही किंमत कमी आहे असं म्हणणारा माणूस भिंतीवर कायम स्वतःचेच पूर्वज बघत आलेला असतो. आपण तसं म्हणू नये.

पण एवढ्यावर थांबायचं नाही. महिनाभरानं, १४ ऑगस्टच्या मध्यरात्री, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवासाठी तेच सभागृह उजळलं. नवे राष्ट्रपती समोर होते. गायला होते महाराष्ट्राचे दोन आवाज, भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर. दोघंही थोर, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मी फक्त हे नोंदवतो की महाराष्ट्राचा तिसरा एक आवाज एक महिन्यापूर्वी मुलुंडच्या खोपटात बंद झाला होता, आणि त्या सभागृहात तो जिवंत असतानाही पोचला नसता. चेहऱ्यासाठी जागा झाली होती, गळ्यासाठी झाली नव्हती. दादा ज्याला 'येगळी जागा' म्हणत होते ती शोधायला मला बरीच वर्षं लागली. त्यांना ती माहीत होती. ऑगस्टमध्ये आमच्या वस्तीत अभिवादन सभा झाली तेव्हा दादांनी रमाबाई नगरावर स्वतः बांधलेलं गाणं म्हटलं. खरं सांगतो, गाणं फार चांगलं नव्हतं. मधेच ताल सुटायचा. त्याचं कारण पुढं सांगतो.

नारायणन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून थोडं. ते नुसता चेहरा राहिले नाहीत. १९९७ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस त्यांनी मंत्रिमंडळाकडे परत पाठवली. पुढच्या वर्षी बिहारची परत पाठवली. सरकार वेगळं, पक्ष वेगळा, वागणं तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांच्या फाइलवर अनुसूचित जाती-जमातींच्या पात्र माणसांचा विचार व्हावा असं लिहिलं, आणि त्यावरून गदारोळ झाला. २००० च्या जानेवारीत संविधानाच्या फेरविचाराची हवा असताना त्याच सेंट्रल हॉलमध्ये उभं राहून विचारलं की संविधान आपल्याला कमी पडलं की आपण संविधानाला. 'रबर स्टॅम्प' म्हणून त्यांना निकालात काढणाऱ्या आपल्यातल्या अतिक्रांतिकारकांनी हे एकदा वाचावं.

आणि तरीही डर्बन. २००१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेत वंशवादाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांची जागतिक परिषद भरली. आपले कार्यकर्ते देशभरातून गेले. मागणी एवढीच होती की जातीचाही उल्लेख व्हावा. भारत सरकारनं आडवं पडून विरोध केला. युक्तिवाद काय? जात म्हणजे वंश नव्हे. राष्ट्रपती भवनात दलित आणि जगासमोर सरकारचं म्हणणं की हा विषय इथला नाही! खुर्चीला मर्यादा असतात त्या अशा.

या ठिकाणी एक गोष्ट तरुणांनी समजून घ्यावी, कारण सोशल मीडियावर रोज घोळ चालतो. जात म्हणजे वंश नाही हे बाबासाहेबांनीच १९३६ साली 'जातीचे निर्मूलन'मध्ये मांडलं. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार यांच्यात रक्ताचा फरक नाही, हा त्यांचा मुद्दा. तो त्यांनी मांडला तो जातीला रक्ताचा आधार सांगणाऱ्यांचं तोंड बंद करण्यासाठी. सरकारनं तेच वाक्य डर्बनला नेलं ते आपलं तोंड बंद करण्यासाठी. म्हणून 'आपण म्हणजे भारताचे काळे' असं जो पोरगा सहज लिहून टाकतो त्याला मी सांगतो, नातं आहे, पण ते कातडीचं नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं ते अमेरिकेतले निग्रो संयुक्त राष्ट्रांपुढे अर्ज घेऊन चाललेत हे कळल्यावर, त्या अर्जाची प्रत मागायला. म्हणजे लढ्याची कागदपत्रं मागायला. १९७२ साली मुंबईत पँथर हे नाव घेतलं गेलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून, तेही लढ्याच्या नात्यानं. आणि आपल्या या शहराचा त्यात वाटा आहे. मिलिंदचे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या निग्रो साहित्याबद्दल इथल्या पोरांना सांगायला लागले. गंगाधर पानतावणेंनी इथूनच 'अस्मितादर्श' चालवलं आणि लिहिणाऱ्यांच्या पिढ्या उभ्या केल्या. काळ्यांनी गाण्यातून, कवितेतून, चित्रातून स्वतःला कसं मांडलं ते बघून आपण आपलं मांडायला धजलो. उधारी धाडसाची होती. शब्द आपलेच होते.

आता ओबामा. २००८ च्या नोव्हेंबरात ते निवडून आले त्या सकाळी मला एका मित्राचा एसएमएस आला, 'जय भीम, आपला माणूस जिंकला.' मी हसलो, पण पेढे खाल्ले. एवढं तरी दादांकडून शिकलो होतो. ओबामांच्या आठ वर्षांत काळ्या माणसांवर गोळ्या चालायच्या थांबल्या नाहीत हे जगानं बघितलं. पण मला त्यांची एक गोष्ट लक्षात राहिली आहे. २०११ साली काही महिने त्यांनी आपल्या कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर नॉर्मन रॉकवेलचं १९६४ सालचं एक चित्र लावून घेतलं. १९६० साली न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्या मुलांच्या शाळेत रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी पोलीस बंदोबस्तात गेली, त्याचं ते चित्र. पांढरा फ्रॉक, हातात वह्या, मागं भिंतीवर काळ्यांना दिली जाणारी शिवी खरडलेली, आणि मुलीला फेकून मारलेला टोमॅटो भिंतीवर फुटलेला. (चित्रकार गोरा होता, हेही नोंदवून ठेवा.) मोठी झालेली रूबी स्वतः येऊन ओबामांबरोबर त्या चित्रासमोर उभी राहिली.

खुर्चीवर बसलेल्या माणसानं भिंतीवर काय लावलं? स्वतःचा चेहरा लावला नाही, जखम लावली. शिवीसकट. माझी कल्पना करायची हिंमत होत नाही की आपल्याकडे कुणी राष्ट्रपती भवनाच्या भिंतीवर रमाबाई नगरचं चित्र लावेल, पोचीराम कांबळेंचं लावेल, खैरलांजीचं लावेल. आपल्या चेहऱ्याला आता कुणाचीच हरकत नाही. चौकाचौकात बाबासाहेब आहेत, प्रत्येक पक्षाच्या बॅनरवर आहेत. हरकत आहे ती जखमेला.

आणि ओबामांनी लावलेलं चित्रही शेवटी उसनं होतं, परत गेलं. खुर्चीच्या आधारानं लागलेली भिंत खुर्चीबरोबर जाते. २०२५ च्या २० जानेवारीला, नेमक्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीच्या दिवशी, ट्रम्पनी दुसऱ्यांदा शपथ घेतली. मार्चमध्ये त्यांचा आदेश निघाला, सरकारी वस्तुसंग्रहालयांतला इतिहास 'दुरुस्त' करण्याचा. त्यात कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संग्रहालयावरही बोट ठेवलेलं. ते संग्रहालय ओबामांनी २०१६ साली उघडलं होतं, जाता जाता. एमी शेराल्डची बातमी त्याच्या पुढची कडी. मला त्या बातमीत एकच गोष्ट आवडली, प्रदर्शन तिनं स्वतः काढून घेतलं. ते एक चित्र बाजूला ठेवून बाकीची लावू द्या, असं म्हणाली नाही.

आपल्याकडं २५ जुलै २०१७ ला, नारायणन यांच्या शपथेला वीस वर्षं होत असताना, रामनाथ कोविंद राष्ट्रपती झाले. समोरच्या मीरा कुमारही दलित, म्हणजे कुणीही जिंकलं तरी दलितच. त्यावर टीव्हीवाले खूश होते. त्यांच्याच कारकिर्दीत भीमा कोरेगाव झालं, आणि सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषदेच्या खटल्यात कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. गाणारी पोरं. वर्षानुवर्षं आत राहिली. न्यायालयात जे व्हायचं ते होईल, मी त्यावर बोलत नाही. मी फक्त तारखा शेजारी-शेजारी ठेवतो, जशा १९९७ च्या ठेवल्या. २०२२ ला द्रौपदी मुर्मू आल्या. वर्षभरानं नवी संसद उघडली तेव्हा त्या कार्यक्रमाला संसदेचा अविभाज्य घटक असलेल्या राष्ट्रपतीच नव्हत्या. चेहऱ्यालाही कधीकधी रजा देतात.

तर त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या नागसेनवनात मिलिंदच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी बसवली. याच राजेंद्रबाबूंचा हिंदू कोड बिलाला विरोध होता, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. बाबासाहेबांनी म्हणून कोनशिला उखडून फेकली का? नाही. राष्ट्रपतींकडून दगड बसवून घेतला, आणि त्या दगडावर उभं केलं ते स्वतःचं. तिथं शिकलेल्या पोरांनी मग लिहिलं, नाटकं केली, गायली, मार खाल्ला, नामांतर मिळवलं. खुर्चीकडून जे मिळतंय ते घ्यायचं, पेढा खायचा. पण गाणं खुर्चीच्या भरवशावर ठेवायचं नाही. ते वस्तीच्या पैशानं, वस्तीच्या पेटीवर व्हायला पाहिजे. आज मला भीती ट्रम्पची नाही. आपल्या चौदा एप्रिलला डीजेच्या भिंती भाड्यानं येतात, कुणातरी नगरसेवकाच्या पैशानं, आणि त्या आवाजात रमाबाई नगरची दहा नावं कुणाला आठवत नाहीत. विलास घोगरेंचं नाव माझ्यासमोर बसलेल्या सहा पोरांपैकी दोघांना माहीत होतं.

दादा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या गाण्यांची वही माझ्याकडं आहे, दोनशे पानी, पाठीला दोरा निघालेला. रमाबाई नगरचं गाणं त्यात आहे. ताल का सुटायचा ते वहीत दिसतं. त्यांनी कडव्यात दहाच्या दहा नावं घातलीत. माणसांची नावं चालीत बसत नाहीत, लांब-आखूड असतात. कुणीतरी समजूतदारानं तेव्हा सांगितलंही होतं, दोन-तीन घ्या, बाकी 'दहा वीर' म्हणा. दादांनी ऐकलं नाही.

परवा बहिणीचा मुलगा आला होता. रॅप करतो, मुंबईला दोनदा जाऊन आलाय. त्यानं वहीतल्या त्या दोन पानांचे फोटो काढले. संध्याकाळी फोन केला.

"मामा, नावं बीटवर बसत नाहीयेत. कमी करू का?"

मी म्हणालो, "बीट बदल."